वाट मोडली म्हणून हक्क मोडतो काय?

रोहिणीची वखरणी उरकून शेतकरी मृगाकडे डोळे लावू लागला, म्हणजे खानदेशातील तहसील कचेऱ्यांच्या ओट्यांवर एका ठराविक प्रकारच्या अर्जदारांची गर्दी होऊ लागते. कोणाच्या वहिवाटीवर शेजाऱ्याने नांगर फिरविलेला असतो, कोणाच्या गाडीवाटेच्या तोंडाशी बाभळीचे काटे येऊन पडलेले असतात, तर कोणाच्या वाटेवर केळी उभी राहिलेली असते. अर्जातील तक्रार एकच : शेत आहे, पण शेतात जावयास वाट नाही. बियाणे, खते, मजुरी, कापसाचा भाव यांविषयी आपल्या चळवळीने पुष्कळ लिहिले, पुष्कळ मोर्चे काढले. परंतु ज्या शेतात हे सारे न्यावयाचे आणि जेथून माल बाहेर काढावयाचा, त्या शेतापर्यंत पोहोचण्याचा जो दहा-बारा फुटांचा प्रश्न, त्याकडे आपण शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे खासगी भांडण म्हणून पाहत आलो. ही चूक दुरुस्त केली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

राज्याच्या महसूल विभागाने २२ मे २०२५ रोजी शेतरस्त्यांविषयी शासन निर्णय काढला. शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंदीचा द्यावा आणि दिलेल्या रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या सदरात घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. बैलगाडीच्या मापाने पडलेल्या वाटेवरून ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र जात नाही हे शासनाने मान्य केले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. नोंदीचा आग्रह तर त्याहून महत्त्वाचा. तहसीलदाराने दिलेला रस्ताही नोंदीअभावी निकालपत्राच्या कागदातच राहतो, आणि मधले शेत विकले गेले की नवा मालक सातबारा पुढे करून हात वर करतो. मात्र या निर्णयाचा रोख ज्याची वाट आज अडली आहे, ज्याला आज वाट हवी आहे, त्याच्याकडे आहे. ज्या वाटेवरून दहा-पंधरा वर्षांत कोणी गेलेच नाही, परंतु जिच्यावरचा हक्क कोणी सोडलेलाही नाही, तिचे काय करावयाचे? अशा मुक्या झालेल्या वाटा जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव सापडतील. आजचा अग्रलेख त्यांच्याविषयी आहे.

वाटांचे दोन प्रकार आधी वेगळे केले पाहिजेत. गावनकाशावर दुहेरी तुटक रेषेने दाखविलेली असते ती गाडीवाट, आणि एकेरी तुटक रेषेने दाखविलेली ती पायवाट. इंग्रजी अमदानीतील मोजणीदाराने तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची साखळी शिवारातून ओढीत नेली, त्या मोजणीचा हा वारसा आहे. गाडीवाट साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायवाट सव्वाआठ फूट धरण्याची जी रीत आहे, तिच्यात तीच साखळी दिसते. साडेसोळा फूट म्हणजे साखळीचे आठ आणे आणि सव्वाआठ म्हणजे चार आणे. या वाटा सार्वजनिक आहेत. त्या कोणी नांगरून टाकल्या म्हणून त्या नांगरणाऱ्याच्या होत नाहीत, आणि त्यांवरील अतिक्रमण हटविणे हे महसूल खात्याचे कर्तव्य आहे.

दुसरा प्रकार नकाशावर नसलेल्या वाटांचा, आणि खरा गुंता तेथे आहे. एकाच्या खासगी शेतातून दुसऱ्याच्या खासगी शेतात जाणारी ही वाट एका पिढीने दुसऱ्या पिढीला दिलेल्या शब्दावर चाललेली असते. तिला कागद नाही, मोजणी नाही. कित्येकदा ती बारमाही देखील नसते. काळ्या कसदार जमिनीत आषाढात गाडीचे चाक आसापर्यंत रुतते, त्यामुळे पावसाळ्यात डोक्यावर पाटी घेऊन बांधाने जावयाचे, आणि खरिपाचे पीक निघाले की शेजाऱ्याच्या मोकळ्या रानातून गाडी काढावयाची, असा रिवाज असतो. शहरी मनुष्यास ही केवळ शेजारधर्माची सवलत वाटेल. कायदा तसे मानीत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ सालचा. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. ठराविक हंगामापुरती, ठराविक कामापुरती असलेली वाट हीदेखील हक्काची वाट असू शकते, हे त्या अधिनियमाने स्पष्ट शब्दांत मान्य केले आहे. उघडपणे, विनाअडथळा, हक्क म्हणून वीस वर्षे चाललेली वाट हा कायम हक्क होतो, हेही त्यातच आहे.

आता वाट मुकी कशी होते ते पाहू. समजा, चोपडे किंवा शिरपूर तालुक्यातील एक तीन एकरांचा धनी आहे. लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला, कर्ज झाले, आणि तो बायकामुलांसह सुरतेस कापडाच्या कारखान्यात गेला. खानदेशातून उधन्याला आणि सुरतेला जाणाऱ्या माणसांची गोष्ट आपल्या वाचकांना सांगावयास नको. गावागावांतील कुलपे ती सांगतात. जाताना त्याने शेत बटाईने दिले, आणि साहजिकच ते लगतच्या शेतकऱ्याला दिले, कारण दुसरा कोण आपले अवजार एवढ्या आत घेऊन जाणार? वाट त्या लगतच्याच शेतातून होती. दोन्ही शेते एकाच नांगराखाली आली, तेव्हा मधली वाट ठेवण्याचे प्रयोजन उरले नाही. ती नांगरली गेली, त्यात कोणाचा दुष्टावाही नव्हता. बारा-पंधरा वर्षांनी कारखाना बंद पडतो किंवा अंग थकते. धनी परत येतो आणि आपले शेत मागतो. शेत मिळते. वाट मात्र मिळत नाही. "बारा वर्षांत तू कधी चाललास?" असा प्रश्न त्याला विचारला जातो, आणि तो निरुत्तर होतो.

हा बारा वर्षांचा आकडा खेड्यापाड्यांत अगदी वेदवाक्य होऊन बसला आहे. वस्तुतः बारा वर्षांची मुदत ही दुसऱ्याच्या जमिनीवर प्रतिकूल कब्जा करून बसलेल्याशी संबंधित आहे. वाटेच्या हक्काशी तिचा संबंध नाही. वाटेच्या हक्काला न वापरल्यामुळे लय येतो तो सलग वीस वर्षांनी, आणि ही वीस वर्षे मोजावयाची ती वाट शेवटची वापरली त्या दिवसापासून. केवळ वापर थांबला एवढ्यावरून हक्क सोडला असे समजू नये, असेही अधिनियमात निराळे सांगितले आहे. बारा आणि वीस यांतील हे आठ वर्षांचे अज्ञान किती गरिबांना आपल्याच शेताच्या बाहेर उभे करून गेले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आणि वीस वर्षांच्या नियमालाही अपवाद आहेत, ते आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावेत इतके मोलाचे आहेत. ज्याच्या शेताला दुसरी वाटच नाही, त्याचा गरजेचा हक्क न वापरल्यामुळे जात नाही. गरज संपली तरच तो संपतो. जमीन अनेकांच्या सामाईकीत असेल आणि त्यांपैकी एक जण जरी वाटेने चालत राहिला, तरी सर्वांचा हक्क जिवंत राहतो. दोन्ही मालकांच्या आपसातील कराराने वापर थांबला असेल, तर ती वर्षे हक्काच्या मुळावर येत नाहीत. आणि आमच्या वरच्या उदाहरणाला जी तंतोतंत लागू पडते ती तरतूद अशी की, ज्याच्या शेतातून वाट जाते त्याच्याच ताब्यात, मर्यादित मुदतीच्या हितसंबंधाने, वाटेच्या धन्याची जमीन आली, तर तेवढ्या काळापुरता वाटेचा हक्क निलंबित होतो. निलंबित होतो, नष्ट होत नाही. आणि तो ताबा संपला की हक्क पुन्हा उभा राहतो. म्हणजे सुरतेहून परतलेल्या त्या माणसाला, बटाई सिद्ध करता आली तर, कायदा जवळ करतो.

पण बटाई सिद्ध कशी करावयाची? येथे आपल्यालाही थोडे अंतर्मुख व्हावे लागेल. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन हे आपल्या विचारांच्या माणसांना अभिमानाचे विषय आहेत, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या कायद्याच्या धाकाने त्यानंतरची बटाई तोंडी झाली, ती आजतागायत तोंडीच आहे. जमीनदाराने कुळाला फसवावे म्हणून ती तोंडी ठेवली, हे आपण सांगत आलो; तीन एकरांच्या धन्यानेही भीतीपोटी ती तोंडी ठेवली, हे आपण सांगितले नाही. आज त्याचे शेत त्याच्या नावावर आहे, पण ते पंधरा वर्षे कोणत्या नात्याने शेजाऱ्याकडे होते याचा कपटाभर पुरावा त्याच्याजवळ नाही. हक्क निलंबित होता की मेला होता, हे त्या कपट्यावर ठरते.

त्याच अधिनियमाच्या सत्तेचाळीसाव्या कलमात आणखी एक दार आहे. वाटेचा धनी वीस वर्षे पुरी होण्याच्या आत नोंदणी कचेरीत जाऊन, 'हा हक्क मी राखू इच्छितो' असे घोषणापत्र नोंदवू शकतो. तसे केल्यास नोंदणीच्या तारखेपासून पुढे आणखी वीस वर्षे लोटेपर्यंत हक्काला धक्का लागत नाही. गाव सोडून जाणाऱ्या गरिबासाठीच जणू ही तरतूद लिहिली असावी. १८८२ पासून ती कायद्याच्या पुस्तकात आहे. गावी बोलून पाहावे, तिचे नावही ऐकलेला मनुष्य भेटणे कठीण. ज्याला तिची गरज आहे तो दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जमीन विकतानाच काय तो जातो.

इंग्रजांनी आपल्याला दिलेला हा नियम त्यांच्या स्वतःच्या देशात इतका कडक नाही, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. तेथे खासगी वाटेचा हक्क नुसता न वापरल्याने जात नाही. तो कायमचा सोडण्याचा इरादा सिद्ध व्हावा लागतो. १९९२ मध्ये तेथील अपील न्यायालयासमोर अशी वाट आली होती की जी १७५ वर्षे कोणी वापरलीच नव्हती. एवढ्यावरून हक्क सोडला असे म्हणता येत नाही, असा निकाल लागला. बांधावरच्या जमीनधन्यांना पावणेदोनशे वर्षे आणि खानदेशच्या स्थलांतरित शेतकऱ्याला वीस, हा फरक कायद्याच्या पंडितांना सोयीचा वाटो. आम्हांस तो बोचतो.

दिवाणी दाव्याची वाट लांबची. शेतकऱ्याच्या हाताशी असलेले दोन जवळचे उपाय तहसीलदाराकडे आहेत, आणि या दोहोंची गल्लत नेहमी होते. चालू असलेली वाट कोणी अडविली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दावा लावावयाचा. तो अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावला पाहिजे. वाटच नाही आणि ती बांधावरून हवी आहे, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली अर्ज करावयाचा. या कलमाचा गाभा असा की, तहसीलदाराने निर्णय देताना शेतकऱ्याला आपल्या शेतात वाजवी रीतीने जाता येण्याची गरज ध्यानात घ्यावी. 'तू किती वर्षे चाललास' असे हे कलम विचारीत नाही. 'तुला जावे कोठून लागते' असे विचारते. वाट पंधरा वर्षे मुकी राहिली म्हणून कोणी घाबरू नये, ते या कलमाच्या भरवशावर. सहा महिन्यांच्या मुदतीत मात्र गरीब सापडतो. काटे पडतात वैशाखात; शेजारी म्हणतो, पेरणी होऊ द्या, मग पाहू; पेरणीनंतर म्हणतो, पीक उभे आहे, काढणीनंतर पाहू; आणि काढणी होईतो सहा महिने उलटून गेलेले असतात. शेजारधर्माच्या भाषेत मागितलेली ती मुदत असते, म्हणून ती नाकारताही येत नाही.

एवढे लिहिल्यावर दुसरी बाजू मांडली नाही, तर हा अग्रलेख अर्धा राहील. ज्याच्या शेतातून वाट जाते तोही बहुधा आपलाच मनुष्य असतो. शंभर मीटर लांब आणि चार मीटर रुंद वाट म्हणजे चारशे चौरस मीटर, अर्थात जवळजवळ चार गुंठे. दोन एकरांच्या, म्हणजे ऐंशी गुंठ्यांच्या धन्याचा तो विसावा हिस्सा झाला. केळीच्या बागाईतात चार गुंठ्यांचा अर्थ काय, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला विचारावे. ज्याने पंधरा वर्षे ती पट्टी कसली, तिच्यावर ठिबकच्या नळ्या टाकल्या, त्याला अचानक 'येथे माझी वाट आहे' असे सांगितले की तो लाठी उचलतो, आणि मग वर्तमानपत्रात 'शेतरस्त्याच्या वादातून मारहाण' एवढी दोन ओळींची बातमी येते. दोन्हीकडचे दोन एकरवाले कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात आणि वकिलाची फी दोघेही सोसायटीच्या कर्जातून देतात.

याहून सावध राहावे असा तिसराही मनुष्य आहे. धुळ्याजवळ मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात; जळगाव, भुसावळच्या आसपासही महामार्गालगतच्या जमिनीचे भाव शेतीच्या हिशेबाने उरलेले नाहीत. आतले, बिनवाटेचे शेत स्वस्तात घ्यावयाचे आणि मग पन्नास वर्षांपूर्वीच्या बैलगाडीच्या वाटेचा हक्क उकरून काढून पुढच्या लहान शेतकऱ्याच्या रानातून प्लॉटांकडे जाणारा रस्ता मागावयाचा, हा व्यवहार नफ्याचा आहे. येथे वापरात नसलेल्या हक्काचा कैवार घेणे म्हणजे गरिबाचा कैवार घेणे ठरत नाही. अधिनियमाला हाही धोका माहीत होता. एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही, आणि आपल्या जमिनीचे स्वरूप पालटून शेजाऱ्यावरचा भार भरीव प्रमाणात वाढविता येत नाही, असे त्यात सांगितले आहे. बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली तरी काम शेतीचेच राहिले, म्हणून शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला आड येऊ नये. चाळीस बंगल्यांच्या वसाहतीच्या मोटारी आणि वाळूचे डंपर हे निराळे काम आहे.

तेव्हा आमचे मत असे. मुक्या वाटेचा निवाडा तिच्या वयावरून होऊ नये आणि तिच्या मुकेपणाच्या वर्षांवरूनही होऊ नये. तो शेती कसणाऱ्याच्या आजच्या गरजेवरून व्हावा. ज्याला दुसरी सोयीची वाट मिळाली आहे, त्याने नुसत्या जुन्या हक्काच्या ईर्ष्येने शेजाऱ्याचे चार गुंठे अडवून ठेवू नयेत. लेखी सोडचिठ्ठी देऊन मोकळे व्हावे. ज्याला दुसरी वाट नाही, त्याला ती वीस वर्षांनी काय, चाळीस वर्षांनीही मिळाली पाहिजे. ती बांधावरून, दोन्ही शेतांतून सारखी पट्टी घेऊन काढावी. एकाच्याच रानाच्या मधून नव्हे. आणि ज्याची पट्टी जाते, त्याला मोबदला सार्वजनिक निधीतून द्यावा. रोजगार हमीची कल्पना याच राज्यात १९७२ च्या दुष्काळात रुजली. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढताना तिची सांगड रोजगार हमीशी घातली गेली, म्हणजे वाटेच्या मातीकामाला सरकारी पैसा देता येतो हे शासनाने मान्य केले. मग त्या मातीखालच्या चार गुंठ्यांचे दाम तेवढे दोन एकरवाल्याने शेजारधर्म म्हणून सोसावे, हा न्याय कोणता? वीस वर्षांच्या कलमातही दुरुस्ती हवी. पोटासाठी गाव सोडलेल्या अल्पभूधारकाची गैरहजेरीची वर्षे त्यातून वगळावीत.

ही मागणी केवळ सोयीची नाही, हे ज्यांनी शहादे-तळोद्याचा लढा पाहिला त्यांना सांगावे लागणार नाही. हे तालुके त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते; नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी निराळा झाला. अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ च्या श्रमिक संघटनेने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आणला, आणि आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्यात त्याच दशकात झाला. जमीन परत देण्याचा आदेश ही मोठी गोष्ट खरी. पण ज्याच्याकडून जमीन काढून घेतली त्याचीच शेते चहूबाजूंनी असतील, तर आदेश हाती असलेला मनुष्य आपल्या जमिनीत उतरणार कोठून? जमीनवाटपाच्या प्रत्येक कार्यक्रमाला हा प्रश्न विचारला पाहिजे. दलितांच्या वस्तीतून स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेची गोष्ट तर आणखी वेगळी. ती वाट कोणाच्या तरी शेतातून जाते, तिच्यावरून रोज कोणी जात नाही, आणि मृत्यू झाला की त्या दिवशी ती अडविली जाते. रोज वापर नाही म्हणून तिला 'न वापरलेली' म्हणणे ही क्रूर थट्टा होय. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना सार्वजनिक ठिकाणी जाण्याच्या रिवाजाच्या वाटेवर अडविणे, हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविला आहे. असल्या प्रकरणात कार्यकर्त्यांनी बांधावर समेट घडवीत बसू नये, फिर्याद द्यावी.

बहिणींचा विषय यातून सुटू नये. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच झाला. ज्या थोड्या बहिणी तो मागतात त्यांना पुष्कळदा आतला, वाटेपासून दूरचा तुकडा दाखविला जातो, आणि मग 'तुला वाट कोठून देऊ?' असा साळसूद प्रश्न येतो. त्याचे उत्तर कायद्यात आहे : सामाईक जमिनीची वाटणी झाली आणि एका हिश्शाला दुसऱ्यातून वाटेची गरज असली, तर ती त्या हिश्शाबरोबरच मिळते, निराळी मागावी लागत नाही.

खासगी मालकीच्या भिंती एवढ्या उंच बांधल्या तर शेती चालत नाही, हे आपल्या पूर्वजांना उमगले होते. पांझरेच्या काठी फड पद्धतीने शेती करणाऱ्या गावांत बंधाऱ्याचे पाणी एकाच्या रानाला लागून दुसऱ्याकडे जाई. एका फडात एकच पीक, पाणी फिरविणारा पाटकरी गावाचा, आणि तंटा मिटविणारे पंचही गावाचेच. जमीन ज्याची त्याची होती, तरी पाणी कोठून जावे हे एकटा मालक ठरवीत नसे. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती आणि तिचे गोडवे गाण्याचा आमचा मानस नाही. पण वाटेसाठी कोर्टात जाणाऱ्या गावाला ती माहीत असावी.

कार्यकर्त्यांनी काय करावे, हा प्रश्न उरतो. महसूल संहितेच्या कलम १६५ प्रमाणे प्रत्येक गावातील खासगी जमिनींवरून जाण्याच्या रिवाजी हक्कांची 'वाजिब-उल-अर्ज' या नावाची नोंद जिल्हाधिकाऱ्यांनी ठेवावयाची आहे. आपल्या गावची ती आहे काय, असल्यास तिच्यात काय लिहिले आहे, हे प्रत्येक शाखेने लेखी अर्जाने विचारावे. नसेल तर ती करून घेण्यासाठी ग्रामसभेचा ठराव करावा. वाटेसंबंधीचा प्रत्येक समेट साध्या कागदावर न ठेवता नोंदवून घ्यावा आणि दोन्ही सातबाऱ्यांवर चढवावा. बटाईची चिठ्ठी लिहावी, तिच्यात वाटेचा एक ओळीचा उल्लेख करावा; ज्यांना कुळाची भीती वाटते त्यांना आधी नीट समजावून सांगावे. आणि हे सारे दुसऱ्यांना सांगण्यापूर्वी आपल्या सभासदांनी स्वतःचे बांध पाहून यावेत. शेजाऱ्याची वाट आपल्या नांगराखाली गेलेली नाही, असे आपल्यांपैकी कितीजण छातीवर हात ठेवून म्हणू शकतील?

कामाला योग्य वेळ आखाजीची. रब्बी निघालेली असते, शिवार मोकळे असते, जुन्या वाटेची पडीक रेघ उन्हात स्पष्ट दिसते. माहेरवाशिणी गावी आलेल्या असतात, सुरतेचे लोकही येतात. म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन एक दिवस शिवारफेरी करावी. कोणती गाडी कोठून जाई हे सांगणारी ती शेवटची पिढी आहे. त्यानंतर मृग लागण्यास महिना-दीड महिना उरतो. तेवढ्यात अर्ज, घोषणापत्रे आणि समेट व्हावयाचे असतील, तर गावनकाशाच्या आणि जुन्या सातबाऱ्यांच्या नकला फाल्गुनातच मागवून ठेवाव्या लागतील.